भागूनं तिचंही तिकीट काढलं

मला कथा ऐकायला आवडतात. रचता येत नाहीत.

उचगावच्या आमच्या देवळात मी कीर्तनाला पहिल्या रांगेत बसणारी बाई. टाळ वाजला की माझी मान आपोआप डोलायला लागते. त्या देवासमोर बसून खोटं सांगायची माझी हिंमत नाही. तेव्हा घडलं तेवढंच लिहिते. पटलं तर बघा.

आणि एक.

भुतं रात्रीची दिसतात असं सगळे म्हणतात...

ही गोष्ट सकाळची आहे. चांगलं उजाडलेलं होतं. बस माणसांनी भरलेली होती.

गेल्या डिसेंबरातली.

माझा भाऊ ज्ञानू शिरोळला असतो. त्याची मुलगी भाग्यश्री. आम्ही भागू म्हणतो. कोल्हापुरात फिजिक्स शिकली आणि पीएचडीला थेट कोरियात गेली. ग्वांगजू नावाचं शहर आहे. खोलीत जोडीला शबनूर, जयसिंगपूरची. तीही तिथंच शिकते.

मला मूलबाळ नाही. भागू लहानपणी सुट्टी लागली की माझ्याकडं. कीर्तनात माझ्या मांडीवर झोपायची. त्यामुळं ती कोरियात गेली तरी पहाटे काकड्याला निघायच्या आधी मी तिला फोन लावायचीच. आमच्याकडं अंधार असायचा. तिकडं सकाळ होऊन ती बसमध्ये बसलेली असायची.

तिथल्या बसमध्ये कंडक्टर नसतो. दाराशी मशीन. चढताना कार्ड टेकवायचं, उतरताना परत टेकवायचं. दोघांचं भाडं एका कार्डावर द्यायचं असेल तर आधी ड्रायव्हरला सांगायचं. तो बटण दाबतो. मग मशीन बाईच्या आवाजात त्यांच्या भाषेत सांगतं, एकापेक्षा जास्त माणसं.

एवढं लक्षात ठेवा.

"आत्ती, हितं बसमधी कोण बोलतच न्हाय गं," भागू म्हणायची. "बस गच्च भरल्याली, आणि पिन पडली तर ऐकू येईल. आपल्या एस्टीत आतापतूर शेजारणीनं माझं लगीन ठरिवलं असतं."

"मग तू बोल की."

"काय बोलू? भाजी केवढ्याला, एवढंच येतंय मला."

त्या सकाळी तिकडं बर्फ पडला होता. मला दाखवायचं म्हणून भागूनं व्हिडिओ कॉल लावला. पांढरा रस्ता, पांढरी झाडं. मग बस आली. फोन तिच्या हातात खाली लोंबत होता. मला फक्त माणसांचे बूट दिसत होते.

आणि मशीनचा आवाज... पीं. पीं. पीं.

"काय झालं गं?"

"म्होरं एक म्हातारी हाय. कार्ड चालंना तिचं." भागू हळू आवाजात म्हणाली. "ड्रायव्हर कायतरी बडबडाय लागलाय. उतरा म्हणतोय वाटतं. भाईर एवढा बरफ, आत्ती..."

आता तुम्हीच सांगा. आपल्याकडचं माणूस काय करेल?

आपल्याकडं बसमध्ये ओळखीचं कुणी दिसलं की तिकीट कोण काढणार यावरनं भांडणं होतात. खिशात घातलेला हात दुसरा धरून ठेवतो. म्हाताऱ्या बाईला तर कुणी दारातनं खाली उतरवत नाही. "घ्या हो त्यांचं माझ्यात," म्हणायचं आणि विषय संपला.

भागूनं तेच केलं.

ती ड्रायव्हरला दोन शब्द बोलली. बटणाचा आवाज आला. मशीन बोललं.

एकापेक्षा जास्त माणसं.

"चढली बाई," भागू म्हणाली. "माझ्याच शेजारी बसलीया. खिडकीकडं. गुलाबी गाठोडं हाय मांडीवर. मंडईला निघाली असंल. माझं मनगट धरलंय बग, सोडंनाच. किती गार हात हाय गं!"

"काय म्हणत्यात?"

"कायतरी इचाराय लागलीया. परत परत तेच. मला कळंना."

"मग?"

"व्हय म्हणून टाकलो." ती हसली. आमच्याकडच्या पोरी अशाच बोलतात, आलो, गेलो, म्हणालो. "तीन-चारदा व्हय म्हणालो. खूश झाली म्हातारी."

मीही हसले. म्हटलं, मला दाखव तरी.

भागूनं फोन शेजारी वळवला. "बग आत्ती. आज्जी."

मला खिडकी दिसली. वाफ धरलेली काच दिसली. निळी सीट दिसली.

सीटवर कुणी नव्हतं.

मला वाटलं, म्हातारी गाठोडं उचलायला खाली वाकली असेल. मी हात जोडले. "नमस्कार आज्जी," म्हणाले.

आणि फोन कट झाला.

दुसऱ्या दिवशी मी फोन लावला तेव्हा भागूचा आवाज वेगळा होता.

"आत्ती, आज गंमतच झाली. मी एकटाच चढलो. ड्रायव्हरनं माझ्याकडं बघितलं, माझ्या मागं बघितलं आणि आपसूक बटण दाबलं. मशीन म्हणालं, जास्त माणसं. मागं कोण नव्हतं गं..."

"चुकला असंल."

"व्हय. चुकला असंल."

तिसऱ्या दिवशी दुसरा ड्रायव्हर होता.

त्यानंही बटण दाबलं.

मग रोजच. बस कुठलीही असो, ड्रायव्हर कुणीही असो. भागू सांगायची, मी एकटी आहे. तो तिच्या खांद्यामागं बघायचा, मग तिच्याकडं बघायचा. चेहऱ्यावर एकच भाव... म्हातारीला उभी ठेवून ही पोर पैसे वाचवते काय?

आणि बटण दाबायचा.

भागूला भाड्याचं काही नव्हतं. बस तुडुंब भरली तरी तिच्या शेजारची खिडकीची जागा रिकामी राहायची, त्याचं होतं. लोक उभे राहायचे. लोंबकळायचे. तिथं बसायचं कुणी नाही. एक शाळेतली पोरगी एकदा तिथं बसायला गेली, थबकली, वाकून नमस्कार केला आणि मागं सरकली.

त्या रिकाम्या जागेला नमस्कार केला.

शबनूरला हे सगळं खोटं वाटायचं. मोठ्या तोंडाची, हसरी पोरगी.

"काकी, हिला कोरियन सासू मिळाल्या," ती मला फोनवर म्हणाली. "आता नवरा तेवढा हुडकायचा ऱ्हायलाय. उद्या मी जातो हिच्याबरोबर. बघतोच कोण आज्जी हाय ती."

दुसऱ्या दिवशी दोघी चढल्या. फोन चालू होता. शबनूरनं ड्रायव्हरला बजावून सांगितलं, आम्ही दोघी. दोघीच.

बटण दाबल्याचं ऐकू आलं.

मग शबनूरचा आवाज आला. हसू गेलेला.

"काकी... त्यानं तीन बोटं दावली."

त्या दिवसापासून शबनूर एकदाही चेष्टा करून बोलली नाही. भागूच्या उशाला दुवा लिहिलेला कागद ठेवायला लागली. मी इकडून अंगारा पाठवला. आम्ही दोघी आपापल्या देवाकडं हात जोडत होतो. होत काहीच नव्हतं.

भागूनं बस सोडली. मेट्रोनं गेली. तिथं कार्ड टेकवलं की आडवी फळी उघडते आणि माणूस आत गेलं की लगेच मिटते. भागू आत गेली. फळी मिटलीच नाही. उघडीच राहिली... कुणीतरी सावकाश, गाठोडं सांभाळत आत यावं तेवढा वेळ.

मग मिटली.

ती चालत जायला लागली. घसरून पडली. टॅक्सीत बसली, तर टॅक्सीवाल्यानं दार लावायच्या आधी वाट बघितली. कुणाची, ते तिनं विचारलं नाही.

आणि ते मनगट. म्हातारीनं धरलेलं. ते गारच राहिलं होतं. हीटरजवळ धरलं, गरम पाण्यात धरलं... गारच. हळूहळू बोटांत पेन धरवेना. प्रयोगशाळेत हातातनं काचेचं सामान पडायला लागलं. डॉक्टर म्हणाले, काही नाही. सर म्हणाले, असंच चाललं तर पुढच्या वर्षीची स्कॉलरशिप विसर. पोरगी वाळत चालली होती. ज्ञानूला यातलं काही सांगितलं नव्हतं. त्याच्या उसाला तोड आली होती आणि तो सगळ्यांना अभिमानानं सांगत होता, लेक डाक्टर होणार.

मी काय करू शकत होते?

उचगावात बसून फोन बघणं. एवढंच.

एकदा पहाटे तिनं परत बसमधून व्हिडिओ कॉल लावला. ती कडेच्या सीटवर होती. खिडकीची जागा रिकामी. बाहेर ऊन होतं, पण थंडी मरणाची. सगळ्या काचा स्वच्छ पुसलेल्या.

"आत्ती, शेजारी कोण दिसतंय?" तिनं विचारलं.

"कोण न्हाय गं बाळा."

मी खरंच सांगितलं. कुणी नव्हतं.

पण खिडकीच्या काचेवर, बसलेल्या माणसाचं तोंड येईल तेवढ्या उंचीवर... वाफ येत होती.

जात होती.

येत होती.

जात होती.

माणूस श्वास घेतो तशी.

भागूची तिकडं पाठ होती. मी तोंडावर पदर दाबला. ओरडले असते तर धावत्या बसमध्ये पोरीनं काय केलं असतं? मी तिला अभंग म्हणायला लावला. ती म्हणत होती. मी वाफेकडं बघत होते.

तिचा आवाज चढला की ती वाफ थांबायची. ऐकत असल्यासारखी.

त्या दिवशी मी गणपतराव बुवांना गाठलं. आमच्याकडं कीर्तनाला तेच उभे राहतात. सगळं सांगितलं. मला वाटलं, बुवा काहीतरी स्तोत्र देतील, दोरा देतील.

बुवांनी हातातले टाळ खाली ठेवले. मग म्हणाले, "त्या म्हातारीला जायचं कुठं हुतं? कुणी इचारलं काय?"

"न्हाय."

"तिकीट काढलं. कुठवरचं काढलं ते म्हाईत न्हाय."

"मग आता काय करायचं, बुवा?"

"ते मला ठावं न्हाय, बाई. मी कथा सांगतो. हे माझ्या कथेतलं न्हाय."

मी भागूला सांगितलं, विचार. शबनूरनं तिच्याकडून कोरियन वाक्य पाठ करून घेतलं. तुम्हाला कुठं उतरायचंय?

दुसऱ्या दिवशी भागूनं धावत्या बसमध्ये त्या रिकाम्या जागेला विचारलं. लोक वळून बघत होते. तिनं परत विचारलं. मी फोन कानाला लावून देवघरासमोर उभी होते.



मग उतरायची घंटा वाजली. तिकडं प्रत्येक खिडकीजवळ बटण असतं. भागूनं मागनं सांगितलं, तिच्या खिडकीजवळचा लाल दिवा लागला होता. तिनं हात लावला नव्हता.

बस थांबली. मागचं दार उघडलं. कुणी उतरलं नाही. ड्रायव्हर आरशात बघत होता. थांबला. बराच थांबला. शेवटी दार लावलं.

"उतरली काय गं?" मी विचारलं.

"कळंना, आत्ती... कायच बोलली न्हाय."

पण बोलली होती.

मी ऐकलं होतं. भागूच्या आवाजाच्या पाठीमागं, अगदी फोनला तोंड लावल्यासारखा म्हातारा आवाज. शेवट वर नेऊन विचारलेला प्रश्न. तोच परत. तोच परत. शब्द एकही कळला नाही. चाल मात्र कानात बसली. चाल माझ्या कानातनं जात नाही.

मला एवढं कळलं की भागूला जे ऐकू आलं नाही ते मला ऐकू आलं होतं. ते का, ते अजून कळलेलं नाही.

त्याच आठवड्यात भागू सुट्टी टाकून निघून आली. शबनूरला म्हणाली होती, मी परत येणार नाही.

शेवटचं विमान कोल्हापूरच्या विमानतळावर, उजळाईवाडीला उतरलं. आमच्या उचगावपासून लांब नाही. मी घरी आणली, ताक-भात जेवायला घातला. डाव्या हातानं जेवली. उजवा मांडीवर ठेवलेला. दुपारी शिरोळला निघायचं होतं. ज्ञानू रानात, तोडकऱ्यांबरोबर. गाडी घेऊन येणार कोण?

"एस्टी नगं, आत्ती," भागू म्हणाली.

"अगं, आपली एस्टी ती. तिच्यात कुठलं मशीन बोलतंय? कंडक्टर तोंडानं इचारतो, कुठं जायचं म्हणून. समिंदर वलांडून कोण येतंय?"

मी हे मनापासून बोलले होते.

स्टँडवर शिरोळची गाडी लागलेली. जुनी गाडी. एका बाजूला तीन जणांची बाकं. भागू कडेला बसली, मी मधे सरकले. खिडकीकडची जागा तशीच राहिली.

गाडी भरली. उभी माणसं दारापर्यंत गेली. बायका पोरं कडेवर घेऊन उभ्या.

खिडकीची जागा रिकामी होती.

कोल्हापूरच्या स्टँडवर! जिथं लोक बाहेरनं खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात. "सरका की वो पावणं" म्हणून अर्ध्या ढुंगणाची जागा मागतात. तिथं कुणी मला म्हणालं नाही, आत सरका.

मी स्वतःही सरकले नव्हते. ते मला तेव्हा ध्यानात आलं.

गाडी सुटली. कंडक्टर वाट काढत आला. तरणा, घामेजलेला, घशाला कोरड पडलेला.

"बोला मावशी, कुठं?"

"शिरोळ. दोन."

त्यानं मशीनवर बोट ठेवलं. मग माझ्या पलीकडं, खिडकीकडं बघितलं.

"आणि ह्या आज्जी? तुमच्यातल्याच न्हवं?"

भागूनं माझा दंड धरला. तिची बोटं बर्फ होती.

"आज्जींचं आधार दावा की," कंडक्टर म्हणाला. "पंच्याहत्तरच्या वरच्या हायत, फुकाट हाय त्यास्नी. उगं पैसं कशाला घालवता?"

मी खिडकीकडं बघितलं. कुणी नव्हतं. फाटलेलं रेक्झिन, बाहेर पळणारा ऊस.

भागू माझ्या कानात कुजबुजत होती. "आत्ती... आत्ती... मी मरतो आता..."

कीर्तनात मी आयुष्यभर ऐकलंय, दुसऱ्याचं ओझं उचलणाऱ्यांच्या कथा. ऐकताना डोळे पुसलेत. त्यातलं मला त्या वेळी काहीही आठवलं नाही, खरं सांगते. माझ्या दंडावरची ती गार बोटं तेवढी कळत होती. मांडीवर झोपलेली पोर होती ती माझी.

"आधार न्हाय त्यांच्याकडं," मी म्हणाले. "तिकीट द्या."

"अवो मावशी, पण..."

"माझ्या पैशानं द्या. त्यांचं तिकीट मी काढतो. ह्या पोरीनं न्हवं. मी काढतो."

कंडक्टरनं खांदे उडवले. तिकीट फाडून दिलं.

मी ते खिडकीच्या जागेवर ठेवलं. खिडकी सताड उघडी होती, वारा भणाणत होता, माझा पदर उडून भागूच्या तोंडावर जात होता.

तिकीट हललं नाही.

हातकणंगले गेलं. जयसिंगपूर गेलं. तिकीट हललं नाही. कुणीतरी बोटानं दाबून धरल्यासारखं.

शिरोळला भागू आधी उतरली. खाली उभी राहून तिनं उजवा हात समोर धरला. मूठ मिटली. उघडली. परत मिटली.

"आत्ती," ती म्हणाली, "ऊब लागतीया गं..."

आणि रस्त्यातच रडायला लागली. मी तिला पोटाशी धरलं. पाठीवरनं हात फिरवला.

माझं मनगट गार झालं होतं.

भागू महिन्यानं परत कोरियात गेली. पहिल्याच सकाळी बसमधून फोन आला. "आत्ती! त्यानं बटण दाबलं न्हाय! माझ्याकडं बघितलंसुदीक न्हाय! शेजारी एक माणूस बसलाय, घोरतोय बग!" शबनूर मागनं ओरडत होती, "काकी, सासू गेल्या!" तिघीही हसलो. मी जास्त हसले.

भागूला मी पुढचं काही सांगितलेलं नाही. ती भयकथा वाचत नाही, म्हणून इथं लिहिते.

मी कोल्हापुरात जायला केएमटीच्या सिटी बसनं जाते. कंडक्टर न विचारता दोन तिकिटं देतो. मी घेते. भांडत नाही.

पहाटे देवघरात समई लावते तेव्हा पितळेच्या देवावर, माझ्या खांद्याच्या उंचीवर, वाफ येते. जाते.

बुवांना सांगितलं. त्यांनी हात जोडले. मला की तिला, ते कळलं नाही.

मला कोरियन येत नाही. ग्वांगजू नकाशावर दाखवता येणार नाही. तिचं घर कुठं, माणसं कुठं, तिला कुठं उतरायचं होतं... विचारायचं तरी कुठल्या भाषेत?

कालही कीर्तन होतं. देऊळ भरलं होतं. पायरीपर्यंत माणसं. सतरंजीवर माझ्या शेजारी एक जागा रिकामी होती. तिथं कुणी बसलं नाही.

टाळ थांबले. बुवा श्वास घ्यायला थांबले. आणि माझ्या कानाशी तो आवाज आला. शेवट वर नेलेला. तोच प्रश्न. परत. परत.

मी मान डोलावली.

व्हय म्हणाले.

काय विचारतीय, ते मला अजून कळलेलं नाही.